पहिले तीन महिने धरायचे नाहीत

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

कालच्या पानात एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. काल लिहिलं, 'बाबांचे ठोके पूर्ण तीस सेकंद वेडेवाकडे पडत होते.' हे बरोबर नाही. बोट ठेवायचं ते छोटं मशीन एका वेळी तीस सेकंद चालतं हे खरं. पण सुरुवातीला बाबांचं बोट नीट टेकलं नव्हतं. तेवढं वजा करायला हवं. म्हणजे सत्तावीस. फार तर अठ्ठावीस.

हा फरक लहान नाही. पुढे कधी हे पान वाचताना गोंधळ नको, म्हणून कारण लिहून ठेवते. आमच्या हार्ट हॉस्पिटलमध्ये जी ट्रायल चालू आहे, तिच्यातल्या पेशंटांच्या हृदयाचा वरचा कप्पा नीट न चालता नुसता थरथरतो आणि ठोके बिघडतात. त्यांच्यावर नागपूरला एक प्रोसिजर होते आणि पुढे वर्षभर आम्ही यवतमाळला लक्ष ठेवतो. त्या वर्षात तीस सेकंद किंवा जास्त वेळ ठोके बिघडलेले दिसले, तर उपचार अपयशी. एकोणतीस सेकंद दिसले, तर काही झालंच नाही. मी या ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. नियम मला पाठ आहेत. त्यामुळे बाबांना काही झालेलं नाही असं म्हणायला आधार आहे.

मशीन माझ्या पैशाचं आहे, हॉस्पिटलचं नाही. बिल जपून ठेवलं आहे.

ठरवलं: बाबांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा कालपासून बंद केला आहे, तो बंदच राहणार. मीठ कमी. चहा दोनदाच. सरांना इतक्यात काही सांगायचं नाही. ते ट्रायलचे डॉक्टर, मी त्यांच्याकडे नोकरी करते. घरचा माणूस मध्ये घुसवणं बरं दिसत नाही.

मला भीती वाटत नाही.


रविवार, १८ जानेवारी

आईला सगळं समजावून सांगितलं. तिचं म्हणणं एकच: "ठोके चुकून राह्यले त मोजून काय राह्यली? दवाखान्यात काहून नाई नेत? दवाखाना त तुहाच हाये."

मी सांगितलं, प्रोसिजर झाल्यावर पहिले तीन महिने हृदय चिडलेलं असतं. त्या काळात ठोके बिघडले तरी ते अपयशात धरत नाहीत. बाबांवर प्रोसिजर झालेली नाही, मान्य. पण चाळीस वर्षांचा खर्रा सुटला आहे. शरीराच्या दृष्टीने हाही उपचारच. म्हणजे १५ जानेवारीपासून तीन महिने. १५ एप्रिलपर्यंत जे होईल ते धरायचं नाही. त्यानंतर खरं मोजमाप, आणि मोजमापात काही निघालंच तर सर.

आई म्हणाली, "म्हंजे तवरोक बाप धरायचा का सोडायचा?"

मग मी तिला तिकिटाचं उदाहरण दिलं. बाबा एसटीत कंडक्टर होते. लहानपणी मला सारखा दम लागायचा, म्हणून पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, घरीच शिकले. ड्यूटीवरून आले की खाकी शर्ट न काढता बाबा गणित घ्यायला बसायचे. पहिला धडा तिकिटाचा: पाच वर्षांखालचं मूल मोजायचं नाही, बाराखालचं अर्धं, पुढचं पूर्ण. अजूनही मला वाटतं, जगातली कुठलीही गोष्ट या तीन रांगांत बसवता येते.

आई म्हणाली, "मोजलं नाई म्हनून ते पोट्टं काय हवेत बसते? मायच्या मांडीवर त मांडीवर, गाडीत त असतेच ना."

आईला व्याख्या म्हणजे काय ते कळत नाही.


शनिवार, २४ जानेवारी

सकाळची नोंद अपूर्ण. चहा उतू जाईल असं वाटलं म्हणून मी बाबांना "पुरे" म्हटलं आणि बोट उचलायला लावलं. चहा उतू गेला नव्हता. आईने तो केव्हाच उतरवला होता. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अपूर्ण नोंद ग्राह्य नसते.

बाबांनी विचारलं लाईन कशी आली. मी म्हटलं, रस्त्यासारखी. म्हणाले, "कोनता रस्ता? नागपूरचा का उमरखेडचा?" तीस वर्षं दोन्ही रस्त्यांवर गेली त्यांची; पहिला सरळ, दुसरा नुसती वळणं आणि खड्डे. मी मशीन पुसून ठेवलं. उमरखेडचा होता.


सोमवार, २ फेब्रुवारी

डोंगरसिंग आले. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरचे. प्रोसिजरला सात महिने झाले. त्यांना छातीवर पट्टी चिकटवून दोन आठवडे घरी पाठवलं होतं; ती पट्टी दिवसरात्र ठोके टिपत राहते. एका दुपारी एक्केचाळीस सेकंद. अपयशी.

मी शक्य तितक्या हळू सांगितलं. ते बाकावरून उठलेच. "फेल? मी? बाई, मी शाळेतच नाई गेलो त फेल कसा होईन?" आधी विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागायचं, आता पाण्याची मोटार खांद्यावर टाकून नेतो म्हणाले. एक्केचाळीस सेकंदांत काय होतंय? "येवढ्या टायमात माही बिडी बी पेटत नाई."

बिडी चालू आहे, हे मी वेगळं नोंदवलं.

सर हसले. त्यांनी डोंगरसिंगांना खाली बसवून सांगितलं की तुम्ही फेल नाही, फेल झालाच तर उपचार. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तीस सेकंदांचा आकडा दोन उपचार एकाच फूटपट्टीने मोजता यावेत म्हणून ठरवला आहे. एका माणसाची तब्येत बरी की वाईट, हे त्याने ठरत नाही. त्यासाठी माणसाकडे बघायचं, त्याला विचारायचं, धोका किती ते तपासायचं.

फार सुंदर बोलतात सर. घरी येऊन ते वाक्य चांगल्या अक्षरात लिहिलं आणि टेबलासमोर भिंतीला चिकटवलं.

बाबांची संध्याकाळची नोंद: पंचवीस सेकंद ठोके बिघडलेले. धरत नाहीत.


बुधवार, ११ फेब्रुवारी

लालीबाईंचं वर्ष पूर्ण झालं. वर्षभरात एकदाही तीस सेकंद नाहीत. यशस्वी! या आमच्या केंद्रातल्या पहिल्या पूर्ण यशस्वी पेशंट. सरांनी सांगितलं, तांड्यावर जाऊन कळव आणि शेवटची प्रश्नावली भरून आण.

सकाळच्या एसटीने दिग्रस, पुढे ऑटो. शेतांत कापसाच्या पऱ्हाट्या उपटणं चालू होतं. लालीबाई ओट्यावर बसल्या होत्या. तांड्यावर आईला याडी म्हणतात. मी म्हटलं, याडी, तुम्ही यशस्वी झाल्या. त्यांना नीट समजलं नाही. त्यांच्या सुनेने, संगीताने, तांड्याच्या गोरबोलीत सांगितलं तेव्हा अर्धा तांडा जमला. डोंगरसिंग शेजारीच राहतात. तेही आले. "वा रे तुमचा दवाखाना! मी उड्या मारतो त फेल, आन् भाभीले उठता येत नाई त पास!"

सगळे हसले. लालीबाईही हसल्या आणि मग बराच वेळ दम खात बसल्या.

खरं आहे, त्यांना थकवा आहे. यंदा त्या एकदाही वेचणीला गेल्या नाहीत. मधूनच छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं म्हणाल्या. पण हे सगळं प्रश्नावलीत जातं, यशात जात नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोळीचं त्यांनीच विचारलं. ठोके बिघडणाऱ्या माणसाच्या हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ करायची गोळी पुढेही घ्यायची असते. मी तसं सांगितलं. नक्की सांगितलं. त्याच वेळी पऱ्हाट्यांनी भरलेला ट्रॅक्टर ओट्याला लागून गेला, पण मी सांगितलं.

देवीचा नवस बोलल्या होत्या, तो आता फेडणार. मला आग्रहाने लापशी खायला लावली. परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. फार दिवसांनी मन हलकं वाटलं.


शुक्रवार, २० फेब्रुवारी

बाबांच्या शर्टाच्या खिशात खर्र्याची पन्नी सापडली.

बाबा म्हणाले, "जुनी हाये." पन्नी ओली होती.

उपचारात खंड पडला. नियम कडक लावला तर तीन महिने आजपासून पुन्हा मोजता येतील, म्हणजे तारीख मे महिन्यात जाईल. हा विचार मनात आला हे प्रामाणिकपणे लिहिते. पण मी तसं करणार नाही. ट्रायलमध्येही, एकदा पेशंट एका गटात घातला की तो त्याच गटात धरतात, मग त्याने गोळी घेतली की नाही घेतली. स्वतःला एवढी सूट देणं बरं नाही. १५ एप्रिल म्हणजे १५ एप्रिल.

अशा वेळी मला बाबांनी दिलेल्या शिस्तीचा अभिमान वाटतो.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

बाबा पाण्याची बादली घेऊन अंगणातून येताना मध्येच थांबले. भिंतीला हात लावून उभे राहिले. कपाळावर घाम. मी विचारलं काय होतंय, तर म्हणाले, "गाडी थांब्यावर उभी हाये. पॅसिंजर उतरून राह्यले."

मी हसले. आई हसली नाही. तिने बादली उचलली आणि आत जाताना मला ऐकू जाईल असं म्हणाली, "आन् कंडक्टरीन बी उतरली वाटते गाडीतून."

मी बाबांना स्पष्ट विचारलं, दवाखान्यात जायचं आहे का? उद्या कोणी असं म्हणू नये की मी त्यांना विचारलंच नाही. बाबा म्हणाले, "तू म्हनली त आत्ता चाल. तू नाई म्हनली त मंग कायले जाऊ? इतकी शिकली तू. तुले माह्यापेक्षा जास्त समजते."

केवढा हा विश्वास. असा विश्वास टाकलेला असताना घाई करून चालणारच नाही.


गुरुवार, ५ मार्च

होळी झाली. डोंगरसिंगांची पट्टी पुन्हा आली. या वेळी बावन्न सेकंद. फोन करून विचारलं त्या दिवशी काय करत होता. म्हणाले, होळीची लेंगी नाचत होतो, सगळा तांडा नाचत होता, "तुमच्या पट्टीले बी नाचवलं." दम लागला का? नाही. चक्कर? नाही. गोळी घेता का? "अवो, तुमच्या सायबानं फेल करून भेव घातला ना. सकाळ-संध्याकाळ घेतो."

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी अपयशी हा शब्द वापरला नाही.

चहाच्या वेळी सर सहज म्हणाले, आता काही ठिकाणी ही सुरुवातीची मुदत तीनऐवजी दोनच महिन्यांची धरतात. उशिरा बिघडलेले ठोके सहसा आपोआप ओसरत नाहीत, उगाच डोळे मिटून बसण्यात अर्थ नाही. मी मान हलवली. दोन महिने धरले तर १५ मार्च होते. म्हणजे येता रविवार सोडून पुढचा रविवार.

विचार केला. आमच्या ट्रायलमध्ये तीनच महिने आहेत. मध्येच नियम बदलणं ही सगळ्यात मोठी चूक, असं आम्हाला पहिल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

सरांनी विचारलं घरी सगळं ठीक? मी म्हटलं, हो सर. घर ठीकच आहे.


मंगळवार, १७ मार्च

आज बाबांनी बोट हलवलं नाही. मीही बोलले नाही. चहा आधीच खाली उतरवलेला होता. मशीन थांबेपर्यंत दोघं तसेच बसून होतो.

पूर्ण तीस.

शंका राहू नये म्हणून पुन्हा घेतलं. पुन्हा पूर्ण तीस.

दुरुस्ती: पहिल्या वेळी बाबा मध्ये हसले. हसण्याने रेघ हलते. दुसऱ्या वेळी हसले नव्हते, पण पहिल्यांदा हसल्याचा परिणाम थोडा वेळ राहत असावा. शिवाय मुदत संपलेली नाही. म्हणजे दोन्हीकडून सुरक्षित.

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाफ का फुल्ल?"

मी म्हटलं, अजून तिकीट फाडायचं नाही बाबा.

"मंग बसू दे," म्हणाले.


शुक्रवार, २७ मार्च

सकाळी डोंगरसिंग जीप घेऊन आले. मागच्या सीटवर लालीबाई, डोकं संगीताच्या मांडीवर. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात आणि पाय निर्जीव. सकाळी उठल्या तेव्हापासून तसंच. नक्की केव्हा झालं ते कोणालाच माहीत नव्हतं. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती.

मी हात लावायला गेले, तर डोंगरसिंगांनी तो बाजूला केला. स्ट्रेचर त्यांनी स्वतः ओढलं.

मी संगीताला विचारलं गोळी चालू होती ना. ती म्हणाली नवस फेडला त्या दिवशी याडीने उरलेली पाकिटं देवीपुढे ठेवली, ती तिथेच आहेत. मी म्हटलं, अगं पण मी सांगितलं होतं ना! ती म्हणाली, "तुमीच त म्हनल्या याडी पास झाली. पास झाल्यावर कोन पुस्तक वाचते?"

ती रागावून बोलत नव्हती. खरंच विचारत होती.

ट्रॅक्टर फार मोठ्याने चालवतात त्या भागात.


शनिवार, २८ मार्च

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं रागावतील. रागावले नाहीत. खिडकीकडे बघत बोलत होते. पट्टी वर्षातून तीनदा लावली, प्रत्येक वेळी दोन आठवडे. बाकीच्या दिवसांचं आपल्याला काय माहीत? यंत्राने पाहिलं नाही म्हणजे झालं नाही, असं नसतं. बाई सांगत होत्या ना फडफडतं म्हणून? आणि 'यशस्वी' हा शब्द आपल्या टेबलाचा आहे. तो तांड्यावर नेताना जपून न्यायला हवा होता. तू एकटी नाही, मीही त्यात आहे.

मी विचारलं, लालीबाईंचा निकाल आता बदलायचा का? सरांनी फाइल उघडून पुन्हा मिटली. म्हणाले, नाही. लकवा दुसऱ्या पानावर जातो. ठोक्यांच्या पानावर त्या यशस्वीच राहतील.

वॉर्डात गेले. लालीबाई डाव्या हाताने पदर ओढायचा प्रयत्न करत होत्या. मला ओळखलं. काहीतरी बोलल्या, ते संगीतालाही कळलं नाही.

बस सोडून पायी घरी आले. चालताना विचार केला की लालीबाईंची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा आजार सिद्ध झालेला होता. बाबांचा कुठे झाला आहे? कोणी सिद्ध केला आहे? मी एकटी बोटाच्या मशीनवर बघते, तेवढंच. उलट जास्त बघितलं की जास्त दिसतं, हाही एक दोषच. सर म्हणतात माणसाकडे बघावं, यंत्राकडे नाही.

म्हणून ठरवलं: १५ एप्रिलपर्यंत नोंदच घ्यायची नाही. मशीनमधली बॅटरी काढून कपाटात ठेवली.


रविवार, ५ एप्रिल

आईने मला न सांगता ऑटो बोलावला. मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर ऑटो दारात, आई आत बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत बाबांचा टॉवेल आणि तांब्या. बाबा फाटकाला धरून उभे.

"बसा ना आता," आई म्हणत होती. बाबा म्हणत होते, "पोट्टीले येऊ दे. इचारल्याबिगर कसा बसू? तिच्याच दवाखान्यात जाऊन तिची इज्जत घालवू काय?"

शेजारचे बघत होते. मी ऑटोवाल्याची माफी मागितली. आईला हळू आवाजात सांगितलं की आज रविवार आहे, आणि थोडेच दिवस राहिले आहेत. आई उतरली. उतरताना म्हणाली, "तुह्या बापानं तुले मोजाले शिकवलं. मीनं शिकवाले पायजे होतं. मीनं तुले भ्याले शिकवलं असतं."

हे मला लागलं. भीती म्हणजे काय, मला ठाऊक आहे. लालीबाईंच्या वॉर्डासमोरून मी आजकाल जातच नाही, जिन्याने वळसा घालून जाते.

पण भीतीच्या आहारी जाऊन निर्णय घ्यायचा नसतो.


गुरुवार, ९ एप्रिल

बाबा दुपारी दोनदा झोपतात. जेवण कमी. पाय सुजले आहेत, पण ऊन फार आहे. यवतमाळात या दिवसांत कोणाचे सुजत नाहीत?

मंगळवारी जयंती. बाबा दरवर्षी १४ एप्रिलच्या रॅलीत पुढे असतात. यंदाही चालणार म्हणतात. नाही म्हणवलं नाही. बुधवारी तपासायचं ठरलेलंच आहे, मंगळवारी त्यांना हौस करू द्यावी.

लालीबाईंना आज घरी सोडलं. डोंगरसिंगांनी त्यांना उचलून जीपमध्ये ठेवलं. मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं.


शनिवार, ११ एप्रिल

दुपारी बाबा स्टुलावर चढून दारावर निळ्या पताका बांधत होते. मी खालून दोरी देत होते. त्यांच्या उजव्या हातातून दोरी सुटली. मी पुन्हा दिली. पुन्हा सुटली. ते आपल्या हाताकडे असे बघायला लागले, जणू तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. मग मला हाक मारली. "मैत्रे" एवढंच आलं. पुढचं आलं नाही. ओठाचा एक कोपरा खाली आला होता, किंवा उन्हामुळे मला तसं दिसलं.

आईने त्यांना कमरेला धरून खाली घेतलं. खुर्चीत बसवलं. त्या सगळ्या वेळात मी दोरी धरून उभी होते.

रोज मी पेशंटच्या घरच्यांना एक गोष्ट तीनदा घोकून म्हणायला लावते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की एक मिनिट थांबायचं नाही. आपोआप ओसरलं तरी थांबायचं नाही. लालीबाईंच्या घरच्यांनाही शिकवलं होतं.

थोड्या वेळाने ओसरलं. बाबांनी माझं पूर्ण नाव म्हणून दाखवलं. दोनदा. आईचंही म्हटलं. हसले. हाताची मूठ केली, उघडली. चहा मागितला.

आईने चहा दिला नाही. तिने बाबांचे बूट आणून त्यांच्या पायांपाशी ठेवले. बाबांनी बूट घातले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं शांतपणे समजावून सांगितलं. आज शनिवार, दुपारची ओपीडी बंद. सर नागपूरला. इमर्जन्सी चालू असते, पण ती इमर्जन्सीसाठी असते. उद्या रविवार. सोमवारी जयंतीची धावपळ, मंगळवारी जयंती. आणि मुख्य म्हणजे झालं ते मुदतीच्या आत झालं, आणि ओसरलं. इतक्या आठवड्यांची शिस्त अगदी शेवटी मोडली, तर आपण काहीच नीट पाहिलं नाही असं होईल.

माझा आवाज कुठेही कापला नाही.

बाबा आईला म्हणाले, "पाह्य नलू, पोट्टीनं सांगतलं ना आता." आणि बूट काढायला वाकले. उजव्या पायाची लेस डाव्या हाताने सोडवायला लागले. जमेना. मी काढून देऊ का म्हटलं तर नको म्हणाले. उजवा हात मांडीवर तसाच ठेवलेला होता.

आई अजून दारातच उभी आहे. पताका एका बाजूने सुटून तिच्या खांद्यावर आली आहे, ती बाजूला करत नाही.

सरांच्या ओपीडीत पहिला नंबर लावून ठेवला आहे, बाबांच्या पूर्ण नावाने. रजेचा अर्जही लिहिला. बाबांना नेणार, काहीही झालं तरी नेणार: बुधवार, १५ एप्रिल.